उमटलेली चित्रे

कॅमेऱ्याचा नाद मला तरुणपणापासून. नोकरी मात्र ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात. तिथे कॅमेऱ्याला फाटकाशीच मज्जाव. फिल्म तेवढी छातीवर असे, बिल्ल्यात, काळ्या वेष्टनात. ठरावीक मुदतीने ती धुतली, की तिच्या काळेपणावरून अंगावर किती किरण पडले ते कळे. १८९६ साली बेकरेललाही युरेनियमचे किरण काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेवरच गवसले होते.

आता नातवंडे मोबाइलवर एका पणतीची पन्नास छायाचित्रे काढतात. माझ्या जुन्या कॅमेऱ्यात रिळाला बाराच. पण प्रश्न संख्येचा नाही. काही चित्रे आपण काढतो, काही आपल्यावर उमटतात. त्यांना नुसते जवळ असणे पुरते. म्हणून मुलांना एवढेच सांगतो: पन्नास खुशाल काढा, पण एक पणती आपल्या हाताने लावा.