दाईचा खाडा

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया आणि डोंगरगड यांच्या दरम्यान, महाराष्ट्र संपत येऊन छत्तीसगड लागण्याच्या बेतात असलेल्या डोंगराळ मुलखात दरेकसा हे स्थानक आहे, आणि सालेकसा तालुक्यातील या गावाचे नाव गोंड समाजात दूरवर माहीत आहे ते जवळच्या कचारगडच्या गुहेमुळे. माघ पौर्णिमेच्या जत्रेस येथे अनेक राज्यांतून गोंड भाविक येतात, कारण कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा परंपरागत धर्ममार्ग, याच्या उगमाची कथा या गुहेशी जोडलेली आहे. कथनागणिक तपशील बदलतात. पण गाभा असा की काली कंकाली या मातेची मुले शंभूने गुहेत कोंडली, या धर्ममार्गाचा प्रवर्तक पारी कुपार लिंगो याने त्यांची सुटका केली, दारावरची शिळा हलविताना हिरासुका या वादकाचा अंत झाला, आणि त्या मुलांच्या संगोपनाचा भार जंगो रायताड हिने वाहिला. जंगो ही त्यांची जन्मदात्री नव्हे. दुसरीच्या पोटची मुले वाढविणारी ही स्त्री लिंगोच्या जोडीने पूजेला पात्र ठरली, ही गोष्ट मूल सांभाळण्याच्या कामाचा विचार करणाऱ्याने नीट ध्यानात घ्यावी अशी आहे.

येथे एका शब्दाचा प्रवासही लक्षणीय ठरतो. छत्तीसगडी बोलीत, आणि कंकालीचे नाव घेणाऱ्या भाविकांच्या तोंडी, ‘दाई’ म्हणजे आई; प्रमाण मराठीत मात्र ‘दाई’ म्हणजे मोबदला घेऊन बाळंतपण किंवा बालसंगोपन करणारी स्त्री. एकच शब्द सीमेच्या एका बाजूला देव्हाऱ्यात बसतो आणि दुसऱ्या बाजूला महिन्याच्या हिशेबात येतो. त्या हिशेबातच या निबंधाचा प्रश्न दडलेला आहे: मूल सांभाळणारी स्त्री एखादा दिवस आली नाही, तर त्या दिवसाचा पगार तिला द्यावयाचा तो दान म्हणून, की देणे म्हणून?

न आलेल्या दिवसाला मराठीत ‘खाडा’ म्हणतात. खाडा मोजला जातो आणि पगारातून कापला जातो, हा घरकामातील जुना रिवाज. त्यामागचे गृहीत असे की पगार हा हजेरीचा मोबदला आहे, हजेरी नाही तर मोबदलाही नाही. वीट रचणे किंवा धान कापणे यांसारख्या, दिवसाच्या मापात मावणाऱ्या कामांबाबतही हे गृहीत कितपत न्याय्य आहे हा वादाचा विषय आहे. पण मूल सांभाळण्याच्या कामाला ते मुळातच लागू पडत नाही. दोन वर्षांच्या मुलाला कोणत्या सुराने झोप लागते, ताप चढण्याआधी त्याचा चेहरा कसा उतरतो, अनोळखी माणसापुढे ते कोणाच्या पदराआड जाते, हे ज्ञान महिनोन्‌महिने साठत जाते आणि ते त्या स्त्रीच्या ठायी सुटीच्या दिवशीही असतेच. ती उद्या परत येणार या भरवशावर घर चालते, आणि तो भरवसाही तिच्या कामाचाच भाग आहे. पगार जर या सततच्या नात्याचा असेल, तर मधल्या एका दिवसाने त्यात खंड पडतो असे मानण्यास आधार उरत नाही.

भारतीय परंपरेत या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर पाली भाषेतील दीघनिकायाच्या सिगालोवाद सुत्तात मिळते. सिगाल हा गृहस्थपुत्र रोज सहा दिशांना नमस्कार करीत असे; बुद्धाने त्याला सांगितले की खऱ्या दिशा म्हणजे माणसामाणसांतील सहा नाती होत, आणि त्यांपैकी खालची दिशा म्हणजे सेवक आणि कामकरी. त्या दिशेची पूजा धन्याने पाच प्रकारे करावयाची: झेपेल तेवढेच काम सोपवून, अन्न आणि वेतन देऊन, आजारात शुश्रूषा करून, दुर्मीळ पदार्थ वाटून घेऊन, आणि योग्य वेळी मोकळीक देऊन. या पाचव्या कर्तव्याला मूळ शब्द ‘समये वोस्सग्ग’ असा आहे. वोस्सग्ग म्हणजे सोडणे, मोकळे करणे. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तांवरील जुन्या भाष्यात, या मोकळिकीचे दोन अर्थ केले आहेत: एक रोजची, माणूस थकून जाऊ नये म्हणून; दुसरी सणासुदीची. मराठीतील ‘सुटी’ हा शब्द सुटणे या क्रियेपासूनच आलेला असल्याने वोस्सग्गाशी त्याचे अर्थनाते जवळचे आहे, तर अरबीतून आलेल्या ‘रजा’ या शब्दाचा मूळ अर्थ संमती किंवा मर्जी असा आहे. रजा धन्याच्या मर्जीकडे बोट दाखविते, सुटी कामकऱ्याच्या सुटकेकडे. ज्या विदर्भात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला, तेथे तरी या पाचव्या कर्तव्याची चर्चा घराघरांत व्हावयास हवी होती.

सुत्ताचे खरे सामर्थ्य मात्र यादीत नसून चौकटीत आहे. सुटी देणे ही येथे पूजा आहे, आणि पूजा न केल्यास उणेपण पूजा करणाऱ्याच्या पदरी येते. दानात घेणारा उपकृत होतो. पूजेत तसे होत नाही. त्यामुळे सुटी मागणाऱ्या बाईच्या आवाजातील संकोच हा तिचा दोष ठरत नाही. तिला मागावे लागावे हीच धन्याची चूक ठरते.

शुक्रनीती या संस्कृत राजनीतिग्रंथात हाच विचार अंकांत उतरला आहे. ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही आणि काहींनी तो अगदी अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातला मानला आहे; पण त्यातील नियम मनोज्ञ आहेत. सणाच्या दिवशी अडल्याशिवाय सेवकाला कामाला लावू नये, वर्षातून एक पंधरवडा सेवेविना वेतन द्यावे, अर्ध्या पंधरवड्याच्या आजारपणात थोडाही पगार कापू नये, आणि दीर्घ आजारात प्रतिनिधी, म्हणजे बदली माणूस, घ्यावा. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा होती. ३०० दिवसांच्या कामास या मापाने १५ दिवस होतात. दोन अगदी वेगळ्या वाटांनी हिशेब एकाच पंधरवड्यावर येतो.

घराच्या उंबऱ्याआड मात्र हे माप पोहोचत नाही. गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटी मिळावी म्हणून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लढा दिला आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, हाही त्या मागणीमागचा एक आधार होता. कोकणातील बेने इस्रायली हा ज्यू समाज त्याआधी कितीतरी पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवीत असे आणि म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविला जाई. मात्र घाणा स्वतःचा असला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, पाळता येतो. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्याचा विश्रामदिन त्या घराच्या हाती असतो. म्हणूनच तोराह या ज्यू धर्मग्रंथामध्ये विश्रामाची आज्ञा घरधन्याला दिली आहे आणि तीत दास, दासी आणि जनावरे यांचा स्पष्ट समावेश केला आहे. पोळ्याच्या दिवशी गोंदिया जिल्ह्यातला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाही आणि त्या दिवसाची वैरणही कापीत नाही. उलट त्याला गोडधोड खाऊ घालतो. हे दृश्य दरवर्षी पाहणाऱ्या समाजाला भरपगारी सुटीची कल्पना परकी वाटावी, याचे दुःख वाटते.

१९८० साली पुण्यातील घरकामगार स्त्रियांनी संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८ चा आहे, पण तो कल्याणकारी मंडळाचा कायदा आहे, सुटीचा नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली केलेल्या १८९ क्रमांकाच्या करारात घरकामगारांना आठवड्याला सलग २४ तासांची विश्रांती आणि वार्षिक भरपगारी रजा सांगितली आहे. भारताने त्यास अनुसमर्थन, म्हणजे तो आपल्यावर बंधनकारक मानण्याची औपचारिक मान्यता, दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले. असा कायदा होईपर्यंत निर्णय घरधन्याच्या, बहुधा घरधनिणीच्या, विवेकावर आहे.

या विवेकाच्या आड दोन समजुती येतात. पहिली, ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे, तिथे नियम कशाला’. परंतु घरच्या माणसाचा आजारपणातला घास कोणी कापीत नाही, म्हणून घरचेपणाचा दावा खरा असेल तर खाडा आधी गेला पाहिजे. दुसरी समजूत निष्काम कर्माची: मूल सांभाळणे ही सेवा आहे, सेवेत हिशेब नसावा. गीतेतील फलत्यागाचा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे; कर्म करवून घेणाऱ्याने त्याचा आधार घेऊन दुसऱ्याचे फळ कापणे हा त्या उपदेशाचा विपर्यास होय. जंगोला देवी मानणाऱ्या परंपरेचे मोठेपण मान्य करतानाही एवढे म्हटले पाहिजे की देवीपण देऊन देणे चुकविता येत नाही.

एक अडचण खरी आहे. कारखान्यातले यंत्र एक दिवस बंद ठेवता येते, मूल बंद ठेवता येत नाही, आणि सांभाळणारीला ठेवणारी आई बहुतेकदा स्वतः नोकरदार असते. पण तिची स्वतःची रजा भरपगारी असते, आणि त्याच रजेत कुटुंब गावी जाते तेव्हा ‘पुढचे आठ दिवस येऊ नकोस’ असे सांगून सांभाळणारीचे आठ दिवस कापले जातात. त्या दिवसांत ती काम करावयास तयार होती आणि तिला दुसरे काम धरण्याची मोकळीक नव्हती, हे विसरले जाते. असे दिवस तिच्या सुटीच्या खात्यात धरणेही योग्य नाही, कारण ते तिने निवडलेले नसतात.

सणाचे दिवस मात्र आधीच ठाऊक असतात. सालेकसा तालुक्यातील एखादी गोंड स्त्री गोंदिया किंवा नागपूर येथे दुसऱ्याचे मूल सांभाळीत असेल, तर माघ पौर्णिमा कोणत्या तारखेला येते हे पंचांगात वर्षभर आधी छापलेले असते. कामाला ठेवतानाच तो दिवस आणि जाण्यायेण्याचे दोन दिवस तिचे म्हणून लिहून ठेवता येतात, आणि मुलाच्या वडिलांना आपली रजा त्या दिवसांसाठी राखून ठेवता येते. दरेकशाला उतरून ती कचारगडची चढण चढेल, तेव्हा तिची स्वतःची मुले तिच्यासोबत असतील.