वाट नसलेल्या ठिकाणची मर्यादा

चाकाच्या शोधाने मनुष्याची प्रगती झाली, असे आपण मुलांस शिकवितो. परंतु चाकाला आधी रस्ता लागतो, हे सांगावयाचे बहुधा राहून जाते. सायकल हे याचे उत्तम उदाहरण होय. डनलॉपने १८८८ साली हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि स्वाराचे धक्के पुष्कळ कमी झाले. तथापि वाळूत किंवा बर्फात शिरताच त्यास पायउतार होऊन वाहन ढकलावेच लागे. रस्ता संपला की स्वाराची सत्ता संपली, असा हा साधा न्याय होता.

हा न्याय मोडण्याची एक मोठी खटपट अलास्कातील बर्फावर झाली. कुत्र्यांच्या घसरगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या इडिटारॉड वाटेवर १९८७ साली सायकलींची शर्यत सुरू झाली. अरुंद चाके बर्फात रुतत, म्हणून काही हिकमती स्वारांनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून पाहिल्या. पण टायर रुंद केला की तो फ्रेमला घासतो. मग पुढचा चिमटा व मागची फ्रेम रुंद करावी लागली, पेडलचा आस लांबवावा लागला, आणि वजन घटविण्यासाठी रिमांस मोठी भोके पाडावी लागली. २००५ साली मिनेसोटातील सर्ली कंपनीने 'पग्स्ली' ही अशी सायकल बाजारात आणली, तेव्हा ज्यांच्या हाती ही कारागिरी नव्हती त्यांनाही ती घेता येऊ लागली.

या वाहनाचे खरे मर्म त्याच्या टायरातील हवेच्या अल्पतेत आहे. स्वार व सायकल मिळून २०० पौंड वजन धरू. टायरात दर चौरस इंचास ८० पौंड दाब असला, तर सारा भार अवघ्या अडीच चौरस इंच भूमीवर पडतो. चार इंच रुंदीच्या टायरात तोच दाब ८ पौंडांवर आणला, तर भार २५ चौरस इंचांवर पसरतो. गणित ढोबळ आहे, पण तत्त्व खरे आहे. म्हणून भूमी बदलली की जाणता स्वार खाली उतरतो. खडकाळ वाटेसाठी ठेवलेली हवा तो वाळूवर कमी करतो, भुसभुशीत बर्फावर आणखी सोडतो. आणि डांबरी रस्त्यावर परतताच पंपाने पुन्हा भरतो, कारण तेथे तीच मृदुता त्यास मागे ओढते.

ताठ चाक रुतते, नमणारे चाक पुढे जाते. तेव्हा हे वाहन नम्रतेचा पाठ देते, असे कोणीही म्हणेल. परंतु एवढा बोध अपुरा आहे. जो नमतो तो नम्रच असतो काय? मुत्सद्दीही नमतो, आणि ते जिंकण्यासाठी. खरा प्रश्न पुढेच आहे. आजवर वाट ही जशी सोय होती, तशी मर्यादाही होती. वाटेबाहेरचे गवत, वाळू, पक्ष्यांची घरटी ही पुष्कळदा आपल्या संयमाने राखलेली नव्हती. आपण तेथे पोहोचू शकत नव्हतो, एवढेच. ती असमर्थता सरल्यावर त्यांचे रक्षण कोणी करावे?

वाचकहो, हा प्रश्न केवळ दूरच्या हिमभूमीचा नाही. अशा सायकली आता आपल्याकडेही मिळतात, आणि कोकणचा किनारा कोणास मोह घालणार नाही? त्याच किनाऱ्यावर, वेळाससारख्या गावी, ऑलिव्ह रिडले कासवे रात्री येऊन कोरड्या वाळूत अंडी घालतात. तळहातापेक्षा लहान अशा त्यांच्या पिल्लांस समुद्र गाठावयाचा असतो. चाकाचा उथळ चरदेखील त्यांना खंदकासारखा आडवा येतो. स्वार म्हणेल, "माझा भार तर २५ इंचांवर पसरला आहे!" ते खरे, परंतु पाऊल हलके पडते, एवढ्याने ते कोठेही टाकण्याचा अधिकार मिळत नाही.

थंड देशांतील बर्फाच्या सार्वजनिक वाटांवर या स्वारांमध्ये एक नियम रूढ आहे. आपले चाक इंचभराहून खोल चर पाडू लागले, की मागे फिरावे. कारण त्याच वाटेने पुढे दुसरा कोणी यावयाचा असतो. चाक त्या वेळी रुतलेले नसते, पायांतले बळही सरलेले नसते. पूर्वी हे थांबविण्याचे काम बर्फच करी. आता ते स्वाराने स्वतः करावयाचे असते.