राखीव जागा आणि होतकरू माणूस

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेंत, ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरानजीक राहतो. तिकडे गेल्यापासून त्याला तेथील फुटबॉलचें जें वेड लागलें आहे, तें घरांतील वडील मंडळींच्या समजुतीपलीकडचें आहे. २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभीं दूरध्वनीवर बोलतांना त्यानें मोठ्या उद्वेगानें एक तक्रार केली. "मामा," तो म्हणाला, "त्या पोरावर एवढा भरंवसा टाकायला नको होता!" आम्हांला त्या खेळांत फारसें गम्य नव्हतें. परंतु भरंवसा टाकणें ही गोष्ट सर्व खेळांहून जुनी आहे, आणि ती केव्हां करावी, कोणाच्या जिवावर करावी, हा प्रश्न आम्हांला त्या दिवसापासून सोडीना.

ज्या वाचकांना त्या खेळाचा परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. नांव फुटबॉल असलें तरी पायाचा संबंध त्यांत बेताचाच. अकरा-अकरा गड्यांच्या दोन फळ्या समोरासमोर भिडतात आणि लांबट अंडाकृति चेंडू प्रतिपक्षाच्या मुलखांत हळूहळू पुढें रेटतात. चढाई करणाऱ्या पक्षाचा चेंडू प्रत्येक वेळीं प्रथम ज्याच्या हातीं येतो तो क्वार्टरबॅक. समोरच्यांचा बेत ओळखावयाचा, आपल्यांपैकीं मोकळा कोण तें हेरावयाचें, आणि अंगावर कोसळणाऱ्या धिप्पाड माणसांची पर्वा न करतां चेंडू अचूक फेंकावयाचा, हें सर्व त्यानें दोनतीन सेकंदांत उरकावयाचें असतें. हा एक मनुष्य जायबंदी झाला कीं सारा संघ लुळा पडतो. म्हणून प्रत्येक संघ एक राखीव क्वार्टरबॅक पदरीं बाळगतो. तो बहुतेक दिवस कडेला उभा असतो, आणि वर्ष चांगलें गेलें तर त्याची कोणाला आठवणहि होत नाहीं.

क्लीव्हलंडच्या ब्राउन्स संघाची गोष्ट अशी. डेशॉन वॉटसन या मुख्य क्वार्टरबॅकला त्यांनीं २०२२ सालीं २३ कोटी डॉलर निश्चित देण्याचा करार करून आणलें होतें. त्याच्या मागें जोशुआ डॉब्स नांवाचा २८ वर्षांचा, अनेक संघांचें पाणी प्यालेला खेळाडू होता. विमानविद्येचा पदवीधर, शांत डोक्याचा, पण डोळे दिपवील असा नव्हे. २०२३ च्या उन्हाळ्यांत डोरियन थॉम्सन-रॉबिन्सन हा २३ वर्षांचा नवखा तरुण संघांत आला आणि हंगामापूर्वीच्या सरावाच्या सामन्यांत असा कांहीं चमकला कीं चालकांचें मन त्याच्यावर बसलें. ऑगस्टच्या अखेरीस त्यांनीं डॉब्सला ॲरिझोनाच्या संघास देऊन टाकलें व राखीव जागा त्या नवख्यास दिली. पुढें सप्टेंबरांत वॉटसनचा खांदा दुखावला. १ ऑक्टोबर रोजीं बाल्टिमोरच्या कडव्या संघापुढें या तरुणाला उभें राहावें लागलें, आणि तोच खेळणार हा निर्णय सामन्याच्या दिवशींच झाला. त्याच्या तीन फेंकी प्रतिपक्षानें हस्तगत केल्या. सामना २८-३ असा गमावला. आमच्या भाच्याचा उद्वेग तो हा.

निकालावरून निवाडा करणें सोपें असतें. आणि आम्हीहि प्रथम तसाच केला. मग लक्षांत आलें कीं निर्णय ऑगस्टांत घेतला गेला, त्याचें मोजमाप ऑगस्टांत जें ठाऊक होतें त्यावरूनच झालें पाहिजे. आणि ऑगस्टांत काय ठाऊक होतें? सरावाच्या सामन्यांत समोरचा संघ आपले नामांकित खेळाडू बहुधा बाजूला बसवून ठेवतो व आपले कावे झांकून ठेवतो, हें सर्वांस ठाऊक होतें. म्हणजे त्या सामन्यांतील तेज हें दिव्याचें कीं केवळ अंधाराचें, याविषयीं शंकेला जागा होती.

पण खरें मर्म याहून खोल आहे. आठवडाभराच्या तालमींत मुख्य संघाबरोबर जो सराव होतो तो जवळजवळ सगळा मुख्य क्वार्टरबॅकच्या वांट्याला जातो. राखीव माणसाला बहुधा पुढच्या प्रतिस्पर्ध्याचें सोंग घेऊन आपल्याच बचावाच्या फळीला सराव द्यावा लागतो. याचा अर्थ असा कीं, राखीव जागा ही तयारी न करतां तयार असण्याची जागा आहे. जो तालमीशिवाय रंगभूमीवर उभा राहावयाचा, त्याच्यापाशीं मागल्या शंभर तालमींची शिदोरी असावी लागते, आणि ती तर नवख्यापाशीं नसणारच! ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या सहाव्या भागांत एक मार्मिक विचार मांडला आहे. तरुण मनुष्य भूमितींत प्रवीण होऊं शकतो, परंतु व्यवहारांतील शहाणपण त्याला येत नाहीं. कारण तें एकेका प्रसंगाच्या ओळखीनें येतें आणि त्या ओळखीला काळ लागतो. यावरून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो, तो आम्हांला मान्य आहे. होतकरू तरुणाला पहिली जागा देणें हें पुष्कळदां दुसरी जागा देण्यापेक्षां कमी धोक्याचें असतें. पहिली जागा मिळाली तर सारी तालीम त्याच्यासाठीं होते, सारे बेत त्याच्या बेतानें रचले जातात. त्याच २०२३ सालीं ह्यूस्टनच्या संघानें सी. जे. स्ट्राउड या तितक्याच नवख्या तरुणाला पहिल्याच दिवसापासून मुख्य केलें, आणि तो तरला. तो बुद्धीनें थोर होता हें खरें, पण त्याला रोज चेंडू हातीं मिळत होता हेंहि खरें.

येथें कोणी सॅन फ्रॅन्सिस्कोचें उदाहरण आमच्या तोंडावर फेंकील, आणि तें फेंकणें रास्त आहे. २०२२ च्या वार्षिक निवडींत ब्रॉक पर्डी हा २६२ वा, म्हणजे अगदीं शेवटचा खेळाडू. पहिला क्वार्टरबॅक सप्टेंबरांत घोटा मोडून पडला, दुसरा ४ डिसेंबर रोजीं मायामीविरुद्ध चालू सामन्यांत पाय मोडून पडला, आणि हा पोरगा तसाच उठून मैदानांत गेला. तो सामना त्यानें जिंकला. पुढें जानेवारीअखेर फिलाडेल्फियास जाईपर्यंत त्याचा संघ एकदांहि हरला नाहीं. तेथें मात्र त्याचें कोपर दुखावलें, त्याच्या जागीं आलेल्या ३६ वर्षांच्या, बहुत संघ फिरलेल्या जॉश जॉन्सनच्याहि डोक्याला मार बसला, आणि फेंकतां येत नसतांना पर्डीलाच परत उभें राहावें लागलें. (त्यानंतर लीगनें तिसऱ्या क्वार्टरबॅकची जुनी सवलत पुन्हां चालू केली. राखीवालाहि राखीव लागतो!) पर्डीमुळें आमचा सिद्धांत मोडतो काय? निदान त्याला तडा जातो, हें कबूल केलें पाहिजे. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत भासासारखे जुने कवि सोडून या नव्याचें नाटक कां करावें, हा आक्षेप कालिदासानें स्वतःच उभा केला आहे; आणि तेव्हां जर सर्वांनीं आमच्यासारखा हिशेब केला असता तर आपण केवढ्याला मुकलों असतों!

अनुभवाचाहि अनुभव पुरता पाहिला पाहिजे. क्लीव्हलंडनें ज्याला दिला तो डॉब्स पुढें ॲरिझोनाहून मिनेसोटाच्या संघांत गेला, आणि तेथें येऊन पुरे पांच दिवस झाले नाहींत तोंच नवखा क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यामुळें त्याला मैदानांत उतरावें लागलें. नव्या सोबत्यांपैकीं कित्येकांचीं नांवेंहि त्याला ठाऊक नव्हतीं म्हणतात. तरी अटलांटाविरुद्धचा तो सामना त्यानें ३१-२८ असा जिंकला. राखीव माणसाची विद्या म्हणतात ती ही. परंतु महिना-सव्वा महिन्यांत ती विद्याहि आटली आणि त्याला बसविण्यांत आलें. इकडे क्लीव्हलंडनें नोव्हेंबरांत ३८ वर्षांच्या जो फ्लाकोला घरून बोलावून आणलें. त्यानें पांचांपैकीं चार सामने जिंकून संघाला बादफेरींत नेलें; आणि तेथें जानेवारी २०२४ मधें त्याच्या दोन फेंकी प्रतिपक्षानें पळवून थेट गुण केले व सामना ४५-१४ असा गेला. समोर कोण होता? ह्यूस्टनचा तो नवखा स्ट्राउड. म्हाताऱ्याची पुण्याई आणि पोराचा पराक्रम यांचा निकाल एकदांच लावूं पाहणाऱ्यानें हा सामना अवश्य आठवावा.

तेव्हां कोण अधिक कुशल हा प्रश्न आम्ही सोडून देतों. आम्हांला टोंचतो तो दुसराच. आशा आणि विश्वास यांत आपण गल्लत करतों. आशा बाळगणाऱ्याचें नुकसान झालें तर तें त्याचें स्वतःचें असतें. विश्वास टाकणारा मात्र दुसऱ्यांचें कांहींतरी पणाला लावतो. त्या वर्षीं क्लीव्हलंडची बचावाची फळी साऱ्या लीगमधें अव्वल होती. त्या गड्यांचे गुडघे आणि त्यांचीं उमेदीचीं थोडकीं वर्षें चालकांच्या आशेवर लागलीं होतीं. आणि तो तरुण? त्यानें कांहीं मागितलें नव्हतें. होतकरू माणसाला 'आम्ही तुझ्यावर विश्वास ठेवतों' असें म्हणणें ही मोठी देणगी वाटते. पण तिच्या ओझ्याखालीं तो दबला तर लोक ओझें टाकणाऱ्याला हंसत नाहींत, दबलेल्याला हंसतात. आमच्या भाच्यानेंहि 'त्या पोरावर' असेंच म्हटलें होतें, चालकांचें नांव त्याच्या तोंडीं आलें नाहीं.

अर्जुन संशप्तकांच्या मागें दूर गेला असतां युधिष्ठिरानें अभिमन्यूला चक्रव्यूह फोडावयास सांगितलें, ती कथा या प्रसंगीं कोणत्याहि मराठी मनाला आठवल्यावांचून राहणार नाहीं. मुलानें स्पष्ट सांगितलें होतें कीं आपल्याला आंत शिरणें येतें, बाहेर पडणें येत नाहीं. युधिष्ठिराला दोष द्यावयाचा तर मुलावर भरंवसा ठेवल्याबद्दल देतां येत नाहीं. मुलगा तर भरंवशाला पुरेपूर उतरला. 'तूं वाट कर, आम्ही पाठोपाठ येतों' हें वचन देतांना जयद्रथाचा हिशेब कोणीं केला नव्हता, दोष तेथें आहे. क्लीव्हलंडच्या चालकांनीं नवख्याला दुसरी जागा दिली हें आम्ही चूक म्हणणार नाहीं. पण त्याच सुमारास त्यांनीं डॉब्सला पांचव्या फेरींतील एका निवडीच्या मोबदल्यांत जाऊं दिलें, म्हणजे बाहेर पडण्याची वाट आपल्या हातानें अर्धी बुजविली. उरलेली अर्धी म्हणजे सराव-चमूंतील पी. जे. वॉकर. पुढच्याच सामन्यांत त्याला उभें केलें तेव्हां त्यानें तोंपर्यंत अजिंक्य असलेल्या सॅन फ्रॅन्सिस्कोला, पर्डी समोर असतांना, १९-१७ असें हरविलें.

राहतां राहिला तो तरुण. नोव्हेंबरच्या मध्यावर वॉटसनचा हंगामच संपला, आणि या खेपेस रविवारचा सामना तूं खेळणार असें थॉम्सन-रॉबिन्सनला बुधवारींच सांगण्यांत आलें. चार दिवसांची तालीम त्याला त्याची स्वतःची अशी मिळाली. १९ तारखेस पिट्सबर्गविरुद्ध १०-१० अशी बरोबरी असतांना शेवटच्या दीड मिनिटाच्या आंत चेंडू त्याच्या हातीं आला. त्यानें तो शांतपणें एकेक फेंक करीत पुढें नेला, आणि दोन सेकंद उरले असतां लाथाड्यानें विजयाचे तीन गुण केले. त्या रात्रीं भाच्याचा पुन्हां दूरध्वनि आला. आम्ही विचारलें, "कोण रे तो, तुझा तोच पोरगा काय?" तो जरा थांबला, आणि मग त्यानें त्या तरुणाचें संपूर्ण नांव उच्चारलें.