पाणी वाटणारे वडील

आजचं वाचन: प्रेषितांची कृत्ये 6:1-7 आणि 20:17-35



नांदेडला माझा रूममेट शीख आहे. परवा जेवताना त्याने सहज विचारलं, "गुरु गोबिंदसिंगजींनी 1708 मध्ये इथंच गुरुगादी ग्रंथसाहिबांना दिली. तुमच्या येशूने गादी कोणाला दिली?"

मी पटकन म्हणालो, "पेत्राला." आणि मग रात्री झोपच लागेना. एक तर उत्तर एवढं सोपं नाही. दुसरं म्हणजे, माझ्या बॅगेत तेव्हा सह्यांचा एक कागद होता.

कागद लातूरच्या आमच्या मंडळीतल्या तरुणांचा. कमिटीतल्या एका वडिलांना काढून टाका, अशी मागणी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. दोन वर्षं त्यांनी मंडळीपुढे हिशोब वाचलेला नाही आणि विचारलं की चिडतात. बारा सह्या झाल्यात, तेरावी माझी व्हायची आहे.

सकाळी कृत्यांचा सहावा अध्याय उघडला. यरुशलेमेची मंडळी अजून नवी आहे आणि भांडण कशावरून? रोजच्या वाटपावरून! ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवा मागे राहतात, ही तक्रार. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही. माणसं तुम्हीच निवडा म्हणाले. मंडळीने सात जण निवडले, प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं! ज्यांची तक्रार होती, बहुतेक त्यांच्यातल्याच लोकांच्या हातात वाटप आलं. आपल्याकडे असं होतं का, सांगा बरं.

लातूरकरांना वाटपाचं भांडण समजावून सांगायला नको. 2016 आठवा. पाण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. मी तेव्हा शाळेत होतो. टँकर आला की आमच्या गल्लीत एक म्हातारा वही घेऊन उभा राहायचा. ज्या घरात पाणी ओढायला कोणी नाही, त्यांच्या घागरी आधी. स्वतःच्या सगळ्यात शेवटी.

ते अण्णाच.

आता विसावा अध्याय. पौल इफिसच्या मंडळीच्या वडिलांना मिलेताला बोलावतो, आणि बोलता बोलता त्याच माणसांना अध्यक्षही म्हणतो. म्हणजे तेव्हा वडील आणि अध्यक्ष या दोन वेगळ्या खुर्च्या नव्हत्या. फिलिप्पैकरांच्या पत्रातही 'अध्यक्ष' अनेकवचनात आहे. एका गावात एकच अध्यक्ष, त्याच्या हाताखाली वडील आणि सेवक, ही रचना आपल्याला ठळक दिसते ती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, अंत्युखियाच्या इग्नातियच्या पत्रांत. बिशप हा शब्द त्याच 'अध्यक्ष'च्या ग्रीक शब्दातून आलाय. मुळात अर्थ काय, तर लक्ष ठेवणारा. पौल तर त्या वडिलांना आपले हात दाखवतो: मी या हातांनी कमावून खाल्लं.

पण मला खरा धक्का बसला तो बायबलबाहेरच्या एका पत्राने. साधारण इ.स. 96 मध्ये रोमच्या मंडळीने करिंथकरांना पाठवलेलं. परंपरेने ते क्लेमेंतचं मानतात, पण पत्रात त्याचं नाव नाही. एक मंडळी दुसऱ्या मंडळीला लिहिते, बस. विषय? करिंथात काही लोकांनी, त्यात तरुण पुढे, वडिलांना पदावरून काढलं होतं. रोमचं म्हणणं असं, की ज्यांनी निर्दोष सेवा केली त्यांना काढणं हे पाप आहे.

तो 'निर्दोष' शब्द मला सोडेना. अण्णा निर्दोष आहेत का? मला माहीत नाही. 2016 च्या वहीवरून आजच्या वहीला माफी मिळत नाही. विधवांची तक्रार खरी होती, तशी आमचीही खरीच आहे, हिशोब द्यायलाच पाहिजे. पण आमच्या तेरा जणांपैकी एकानेही घरी जाऊन त्यांना विचारलेलं नाही. ग्रुपवरच सगळं.

दुपारी फोन केला. "अण्णा, शनिवारी येतो. हिशोबाची वही बघायची होती."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ये की. दोन वर्षं झाले, डोळ्याला दिसंना गेलंय बाबा. तूच वाच."

कागद अजून बॅगेतच आहे.

प्रार्थना: प्रभू, शनिवारी माझ्या जिभेला लगाम घाल. वहीत जे असेल ते आहे तसं वाचायची हिंमत दे, त्यांनाही आणि मलाही. आमेन.