मैत्रिणीचा होकार

आंतरमहाविद्यालयीन व्हिडिओ स्पर्धा, विषय ‘तरुणांची गरिबी’, वेळ तीन मिनिटं. तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी आणि तिचे सर यांच्यातला हा संवाद.

विद्यार्थिनी : सर, माझ्या रूममेटवरच करायचं ठरवलंय. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा झाला की बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे, कधी कर्नाटकात. ती ‘कमवा आणि शिका’ योजनेत रोज सकाळी लायब्ररीतली पुस्तकं लावते, आणि महिनाअखेरीला रात्रीचं जेवण सोडते.

सर : तिला विचारलंस?

विद्यार्थिनी : विचारलं. ‘घे की’ म्हणाली. फक्त वर्गात कुणाला कळायला नको म्हणाली.

सर : आणि व्हिडिओ दाखवणार कुठे?

विद्यार्थिनी : आपल्याच सभागृहात. तिथेच तर अडलंय. चेहरा ब्लर केला तरी आवाजावरून, चालण्यावरून मुली लगेच ओळखतील.

सर : विशीतली मुलं गरिबी झाकतात गं. एकच शर्ट रात्री धुऊन सकाळी घालतात. ‘भूक नाही’ म्हणतात. सहलीच्या दिवशी नेमकं त्यांना घरी काम निघतं. चारचौघांत ताठ बसता यावं म्हणून एवढा आटापिटा. तू कॅमेरा लावणार तो नेमका त्याच्यावर.

विद्यार्थिनी : पण कुणी दाखवलंच नाही तर? शिष्यवृत्ती रखडवणाऱ्यांना वाटतं, मुलं मजेत आहेत, हातात मोबाइल आहे ना! न दाखवण्यानं फायदा त्यांचाच होतो, सर.

सर : खरं आहे. म्हणूनच लँगबाईंचा फोटो माझ्या डोक्यातून जात नाही. ‘मायग्रंट मदर’, १९३६. कॅलिफोर्नियातल्या निपोमोला वाटाणा तोडायला मजूर आले होते. गारठ्यानं पीक गेलं, माणसं उपाशी. त्यात ३२ वर्षांची, सात मुलांची आई. डोरोथिया लँग सरकारी नोकरीतल्या छायाचित्रकार. त्यांनी फोटो काढले, नाव विचारलं नाही. फोटो छापून आला आणि सरकारनं त्या तळावर हजारो पौंड अन्न धाडलं.

विद्यार्थिनी : म्हणजे फोटोनं पोटं भरली.

सर : तळावरच्यांची. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, तोवर बिऱ्हाड घेऊन पुढे गेली होती. ती कोण हे जगाला कळलं १९७८ मध्ये. तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, आपल्याला त्यातून एक पैसा मिळाला नाही, असं तिचं म्हणणं होतं. मुलांनाही त्याची लाज वाटायची. पुढे १९८३ मध्ये ती आजारी पडली, उपचाराला पैसे नव्हते. मुलांनी आवाहन केलं आणि त्या फोटोमुळे लोकांनी ३५ हजार डॉलरच्या वर मदत पाठवली. सोबत पत्रं आली. ती वाचून मुलांचं मत पालटलं.

विद्यार्थिनी : मग लँग चुकल्या की नाही?

सर : फोटो काढला यात नाही, असं मला वाटतं. पण ४२ वर्षं त्या बाईला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही बोलायची सोय नव्हती. हे मला खुपतं.

विद्यार्थिनी : मग मैत्रीण नकोच. गरिबी तयार कुठे होते ते दाखवते. मुकादमानं हंगामाआधी दिलेली उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, गावात आजीजवळ मागे राहिलेली भावंडं.

सर : हे जास्त खरं आहे.

विद्यार्थिनी : पण परीक्षक म्हणतील, काळजाला भिडलं नाही. आणि मला जिंकायचंय, सर. बक्षिसातले अर्धे तुला देईन, असं मी तिला म्हटलं. त्यावर ती ‘घे की’ म्हणाली.

सर : आधी पैसे कबूल करायचे आणि माणूस बांधून घ्यायचा, हे तिच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

विद्यार्थिनी : लागलं, सर. पण मी आता शब्द मागे घेतला तर काय होईल? माझं मन स्वच्छ राहील आणि तिचं मेसचं बिल थकेल.

(या संवादात मला सर्वांत जड वाटतं ते हेच वाक्य. संमती शुद्ध हवी म्हणून पैसे दूर ठेवायला सांगणं सोपं असतं. ते सांगणाऱ्याचं रात्रीचं जेवण बहुधा झालेलं असतं.)

सर : मग पैसे राहू देत, फक्त त्या होकाराशी बांधू नकोस. तिला कामाला घे. लिहू दे, एडिटिंगला बसू दे. त्याचा मोबदला व्हिडिओच्या खर्चातून मिळेल, ते मी बघतो. जिंका, हरा, तिचा चेहरा असो वा नसो. मोबदला हातात पडल्यावर तिला पुन्हा विचार.

विद्यार्थिनी : तिच्या हातात कॅमेरा गेला तर ती कदाचित गरिबीवर करणारच नाही. लायब्ररीवर करेल. तिला ती जागा फार आवडते.

सर : तर तो व्हिडिओ मला बघायचाय.

विद्यार्थिनी : स्पर्धेत बसणार नाही तो.

सर : विषय समितीनं ठरवला, आणि त्या समितीत मीही आहे. तो का बसत नाही, हे मला तिथे मांडावं लागेल.

विद्यार्थिनी : आणि सगळं करून ती ‘नाही’ म्हणाली तर? मुदत शनिवारी संपते.

सर : तर शनिवारी तू कोयत्याचा आणि उचलीचा व्हिडिओ दे. तिच्या भागाचं फुटेज तिच्यासमोर डिलीट कर. फोनमधलंही.