कॅमेरा, साक्षी आणि पाहणारा

देवळात कॅमेरा असावा की नसावा, असे आमच्या आळीतील मंडळींनी मला काही वर्षांपूर्वी विचारले होते. पनवेलात आता ही काही नवलाची वस्तू राहिलेली नाही. सराफाच्या पेढीवर आहे, रेल्वे स्टेशनात आहे, सोसायटीच्या जिन्यातही आहे. २०१६ साली येथे महानगरपालिका झाली, २०२५ साली शेजारी विमानतळ सुरू झाला, वस्ती वाढली, आणि ज्याला आपण तोंडाने ओळखत नाही असा माणूस आपल्या देवळात येऊ लागला. तेव्हा मंडळींचे भय खोटे नव्हते. मी मात्र कीर्तनकाराच्या सवयीने म्हणालो, "अहो, तो विटेवर उभा राहून अहोरात्र पाहतोच आहे, त्याच्या डोक्यावर आणखी एक डोळा कशाला?" मंडळी हसली, आणि पुढच्या आठवड्यात चार कॅमेरे लागले.

आज विचार करता माझे ते बोलणे टाळीचे होते, विचाराचे नव्हते. देव पाहतो म्हणून कॅमेरा नको म्हणावे, तर दानपेटीला कुलूप तरी का लावता? देवळाच्या दाराला कडी कशाला? कुलूप लावणे ही काही अश्रद्धा नव्हे. शिवाय आणखी एक गोष्ट आमच्या गुरवाने मला एकांतात सांगितली. पेटी मोजताना रक्कम कमी वाटली की पूर्वी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळत. कोणी बोलत नसे, पण त्याला कळे. कॅमेरा लागल्यापासून, म्हणाला, "बुवा, मी रात्री शांत झोपतो." चोराला पकडणे हा एक उपयोग आणि सज्जनावरचा संशय उतरवणे हा दुसरा. दुसरा मला मोठा वाटतो. तेव्हा यंत्रावर माझा राग नाही, हे वाचक माउलींनी आधी ध्यानात घ्यावे.

या यंत्राचे गुणदोष मी नवीन पनवेलहून दुरुस्तीला येणाऱ्या एका मुलाकडून शिकलो. मुलगा गुणी, बोलता बोलता शिकवतो. सभामंडपातला मागचा कॅमेरा दिवसा उत्तम चाले आणि दिवेलागणीनंतर डोळा मिटे. आम्ही म्हटले, कॅमेरा बिघडला, बदला. तो म्हणाला, कॅमेरा ठीक आहे. रात्री त्याच्यातले, आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे लागतात, त्यांना जास्त वीज लागते. तुमची तार लांब आणि बारीक, बारा व्होल्ट निघतात पण शेवटपर्यंत पोचत नाहीत. जवळ दुसरा अडॅप्टर बसवला, डोळा उघडला. दाराबाहेरचा कॅमेरा पावसाळ्यानंतर पांढरे धुके दाखवू लागला. आम्ही पुन्हा घाबरलो. निघाले काय, तर कोळ्याचे जाळे! त्या रात्रीच्या दिव्याजवळ किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि काचेसमोरचा एक धागा उजेडाने असा चमकतो की मागचे सगळे जग झाकून जाते. तारेच्या टोकाला असलेले जोड आमच्या कोकणच्या दमट हवेत गंजतात, मग चित्र थरथरते. हे सारे त्या मुलाने कापडाने आणि पकडीने नीट केले.

रेकॉर्डरचे गणितही त्याने सांगितले. सेकंदाला २ मेगाबिट या बेताने लिहिणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी जागा खातो. आमचे ४ कॅमेरे, आणि पेटीत डिस्क १ टीबीची. म्हणजे अकरा दिवस झाले की यंत्र सर्वांत जुने पुसून त्यावर नवे लिहू लागते. चित्रगुप्ताची वही आणि ही वही यांत हा मोठा फरक. पण हे अकरा दिवस ध्यानात ठेवावेत, पुढे लागतील.

आता मागल्या कार्तिकात काय घडले ते सांगतो. सांगताना जीभ अडखळते, कारण त्यात मी आहे.

काकड्याचे दिवस होते. एका पहाटे गाभाऱ्यातले चांदीचे निरांजन सापडेना. रात्री शेजारतीला होते, पहाटे नाही. मंडळातल्या तरुणांनी रेकॉर्डर उघडला. पडद्यावर वेळ पहाटेचे ३ वाजून ४० मिनिटे, आणि आमच्याकडे वर्षानुवर्षे सडा-रांगोळी घालणारी एक वृद्ध मावशी सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना दिसली. पदराखाली काहीतरी धरलेले. थोड्या वेळाने ती बाहेर पडली. गुरव कुलूप उघडतो साडेचारला. मग ही पावणेचारच्या आधी आत कशी? कोणी तरी तेवढाच अर्ध्या मिनिटाचा तुकडा मोबाइलमध्ये घेतला, आणि दुपारपर्यंत तो आळीतल्या प्रत्येक घरी पोचला.

मावशी म्हणाली, "मी रोजच्यासारखी पावणेपाचच्या सुमाराला आले, पदरात तुळस नि फुलं होती." तिला कोणी तरी उत्तर दिले, "मावशी, कॅमेरा खोटं बोलत नाही."

त्या संध्याकाळी माझे कीर्तन होते. आख्यान होते जनाबाईचे. पंढरीची ती कथा आपणा सर्वांना पाठ आहे: विठुराया जनीकडे आले, जाताना तिची वाकळ पांघरून गेले आणि आपले पदक तिच्या घरी विसरले. पदक जनीजवळ सापडले, चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली, आणि सुळाचे पाणी झाले. कीर्तनाला उभे राहण्याआधी एका गृहस्थाने मोबाइल माझ्यापुढे धरला. मी चष्मा लावून पाहिले, आणि म्हणालो, "दिसतंय तर खरं." एवढेच. मग फेटा सारखा केला आणि जनीवर आळ घेणाऱ्यांना तासभर झोडपले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. मावशी खांबाजवळ बसली होती. माझे तीन शब्द तिच्या कानावर आधीच गेले होते, हे मला नंतर कळले. दुसऱ्या दिवसापासून ती काकड्याला आली नाही.

आठव्या दिवशी निरांजन सापडले. देवाची वस्त्रे धुवायला बांधून ठेवली होती, त्या गाठोड्यात उपरण्याच्या घडीत अडकले होते. तरी जिभा थांबतात का? "भीतीने तिनेच आणून ठेवले असेल," असेही एकजण म्हणाला. नवव्या दिवशी तो दुरुस्तीवाला मुलगा दुसऱ्याच कामासाठी आला. पडद्यावरची वेळ पाहून त्याने आपल्या मनगटाकडे पाहिले. घड्याळ बरोबर एक तास मागे! रेकॉर्डरमधला बटणाएवढा सेल संपला होता, वीज जाऊन आल्यावर तारीख-वेळ पुसली गेली, आणि मंडळातल्या कोणी ती पुन्हा लावताना देशांच्या यादीत कोलकाता निवडण्याऐवजी काबूल निवडले. आपली वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, काबूलची साडेचार. पनवेलचा विठोबा इतके दिवस काबूलच्या वेळेने नांदत होता! आम्ही मग त्या पहाटेचे चित्रण पहिल्यापासून पाहिले. ३ वाजून ३१ मिनिटांनी गुरव कुलूप उघडताना स्वच्छ दिसत होता. मावशीच्या आधी नऊ मिनिटे. ते कोणीच पाहिले नव्हते, कारण जेथे मावशी दिसली तेथूनच सगळ्यांनी पाहायला सुरुवात केली होती.

आणखी दोनतीन दिवस गेले असते तर ती पहाट डिस्कवरून पुसली गेली असती. निर्दोषपणाचा पुरावा गेला असता आणि आळाचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा घरोघरी राहिला असता.

न्यायशास्त्र शिकलेल्या माणसाने हे आधीच ओळखायला हवे होते. प्रत्यक्ष वेगळे, अनुमान वेगळे. "बाई आली, पदराखाली काहीतरी आहे" एवढे प्रत्यक्ष. "चोरी केली" हे कॅमेऱ्याने दाखवले नाही. ते आम्ही आमच्या पदरचे घातले. धुरावरून अग्नी म्हणायचा तर दोहोंची व्याप्ती सिद्ध लागते, हे पाठशाळेतला पोरही सांगतो. पदक जनीच्या घरी सापडले हेही प्रत्यक्षच होते की! तेथे कॅमेरा असता तर जनीच्या हातात पदक दिसले असते आणि शिक्षा अधिकच लवकर झाली असती.

याच संबंधात आपल्याच राज्यातला एक खटला सांगण्यासारखा आहे. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ साली उमेदवारी अर्ज शेवटच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, दुपारी ३ च्या आत दाखल झाला की नंतर, यावर वाद झाला, आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रण पुढे आले. तेथेही प्रश्न घड्याळाचाच! १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणलेले नसेल, तर चित्रणाच्या प्रतीबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र हवेच. म्हणजे ही प्रत कोणत्या यंत्रातून, कशी निघाली, याची जबाबदारी एका माणसाने सही करून घ्यायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही अशा प्रमाणपत्राची अट आहे. कायदासुद्धा यंत्राच्या मागे माणूस उभा करतो. आम्ही मात्र मोबाइलवरच्या तुकड्याला ना सही मागितली ना वेळ विचारली.

येथे कोणी वेदान्ती शंका घेईल. विद्यारण्यस्वामींच्या पंचदशीत 'नाटकदीप' नावाचे दहावे प्रकरण आहे. नाट्यशाळेत लावलेला दिवा यजमानाला, प्रेक्षकांना आणि नर्तकीला सारखाच उजळतो, आणि सगळे उठून गेल्यावर रिकाम्या शाळेतही तसाच तेवतो. अंतरीचा साक्षी तसा. मग कॅमेरा याहून निराळा काय? त्यालाही आपपर नाही, राग-लोभ नाही, रिकामे देऊळही तो रात्रभर पाहतो. शंका चांगली आहे. मीही काही दिवस तिच्यात अडकलो होतो.

परंतु नीट पाहा. तो दिवा प्रेक्षकांनाही उजळतो. साक्षी ज्याला पाहतो त्यात पाहणारा अहंकारही आला. कॅमेरा फक्त समोरचे दाखवतो; पडद्यापुढे बसून "दिसतंय तर खरं" म्हणणाऱ्या बुवाच्या मनात काय चालले आहे ते तो दाखवीत नाही. 'साक्षी' हा शब्द पाणिनीने 'साक्षात पाहणारा' या अर्थी साधला आहे. कॅमेरा जड आहे, तो पाहतच नाही. तो ठेवून देतो; पाहतो आपण, आणि आपले सगळे राग-द्वेष घेऊन पाहतो. मावशीच्या ठिकाणी एखादी पैसेवाली बाई दिसली असती, तर आम्ही आधी घड्याळ तपासले असते. हे मी कोणाला लावून बोलत नाही, माझ्या मनात डोकावून बोलतो. आणि गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंताला जवळून पाहणारा म्हटले आहे, तेथेच त्याला भर्ता, म्हणजे सांभाळणाराही म्हटले आहे. आम्ही नुसते पाहिले.

पाहणाऱ्यावरही कोणाची नजर असावी, हे राजसत्तेलाही पटले आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सर्व पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचा आणि चित्रण दीड वर्ष जपण्याच्या सोयीचा आदेश दिला. ज्यांच्या हाती पाळत, त्यांच्यावरच पाळत! देवळाच्या कमिटीला हाच न्याय का लागू नये? आम्ही आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. रेकॉर्डर कुलूपबंद कपाटात आहे, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला आहे, दोघांनी मिळूनच चित्रण पाहायचे, मोबाइलवर उतरवायचे नाही, ज्याच्यावर संशय त्याला प्रथम बोलावून सगळे पहिल्यापासून दाखवायचे, आणि दर एकादशीला यंत्राचे घड्याळ जुळवायचे. स्त्रिया बसतात त्या बाजूचा कॅमेरा काढून टाकला. त्याचे तेथे काही काम नव्हते.

मी मावशीच्या घरी गेलो. वारकऱ्याला वारकऱ्याच्या पाया पडण्यात कमीपणा नाही, तसा मी पडलो. तिनेही माझे पाय धरले. घड्याळाचा घोटाळा मी तिला समजावून सांगू लागलो, ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "बुवा, त्या यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक? तुम्हाला माझी तीस वर्षं ठाऊक होती." मला उत्तर सुचले नाही. चहा झाला, मी उठलो.

माघी एकादशीपासून ती पुन्हा येऊ लागली. पहाटे गुरवाच्या मागोमाग येते, सडा घालते, रांगोळी काढते. पण गाभाऱ्याकडे जाण्याआधी त्या कॅमेऱ्याखाली क्षणभर थांबते, पदर उघडून आतली तुळस आणि फुले वर करून दाखवते, आणि मगच पुढे जाते. मी दोनदा सांगून पाहिले, ती ऐकत नाही.