रिकामा रकाना

बीड जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत सुट्टीत नववीच्या मुलांसाठी संगणकाचा वर्ग घ्यायचं ठरलं. आधी स्प्रेडशीट, मग थोडं पायथन. संगणक १२, एकावर दोघं, म्हणजे जागा २४. दोन्ही सत्रांत किमान ७५ टक्के हजेरी असेल त्यालाच घ्यायचं, अशी अट मुख्याध्यापिकाबाईंनी घातली आणि यादीचं काम वर्गाच्या मॉनिटरवर सोपवलं.

पोरगा हुशार. थोरल्या भावाचं एमएस-सीआयटीचं पुस्तक त्यानं सातवीतच वाचून काढलं होतं. क्लार्कनी हजेरीपटावरून भरलेली शीट त्यानं उघडली. पहिल्या सत्राचे टक्के, दुसऱ्या सत्राचे टक्के, शेजारी सरासरी. पुढच्या रकान्यात त्यानं ‘इफ’चं सूत्र लिहिलं: कुठल्याही सत्रात ७५ पेक्षा कमी असेल तर ‘बाद’, नाहीतर ‘पात्र’. कोपरा धरून सूत्र खालपर्यंत ओढलं आणि पाच मिनिटांत यादी फलकावर लागली.

गुढीपाडव्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतू लागल्या. वर्गातली एक मुलगीही आईबापांबरोबर आली. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ते कोयत्यावर सांगलीकडे गेले होते. तिथे कोपीतून ती जवळच्या शाळेत जायची. यादीत तिचं नाव नव्हतं. ती मॉनिटरकडे गेली.

“मी का नाही रे?”

“मी नाही काढलं तुला. कॉम्प्युटरनं काढलं.”

“दाखव बरं.”

त्यानं शीट उघडून दाखवली. तिनं आपल्या नावावर बोट ठेवलं आणि ओळ शेवटपर्यंत वाचली. पहिलं सत्र ९२. दुसरं सत्र कोरं. सरासरी ९२. आणि शेवटी ‘बाद’.

“सरासरी ब्याण्णव, तरी बाद कसं?”

मॉनिटरनं सूत्र पुन्हा तपासलं. कंस बरोबर, चिन्ह बरोबर. मग तो संगणकाच्या सरांना घेऊन आला. सरांनी त्याला सूत्राला हात लावू दिला नाही. बाजूला कोरी शीट उघडून म्हणाले, “एका रकान्यात काहीच लिहू नकोस. आता विचार, हा ७५ पेक्षा कमी आहे का?” उत्तर आलं: हो. “आता ९२ आणि हा कोरा रकाना, दोघांची सरासरी काढ.” उत्तर आलं: ९२.

एकच कोरा रकाना. सरासरी काढताना संगणकानं तो मोजलाच नाही, तुलना करताना मात्र शून्य धरला. सूत्रं अशीच बनवलेली आहेत, त्यात बिघाड काही नाही. क्लार्कना तिच्या हजेरीची माहिती नव्हती, म्हणून त्यांनी जागा कोरी ठेवली होती, आणि ते प्रामाणिकपणाचंच होतं. ‘माहीत नाही’चं ‘आलीच नाही’ झालं ते पुढे, मॉनिटरच्या त्या एका ओळीत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावीपासूनच कोडिंगची ओळख करून द्यायला सांगितलं आहे, आणि ते हवंच आहे. पण आपल्या बहुतेक वर्गांत सूत्र चाललं की तास संपतो. ते कुणावर चाललं, ही चौकशी अभ्यासाबाहेरची मानली जाते. मला ती अभ्यासाच्या मधोमध हवी आहे, कारण हीच मुलं उद्या रेशनच्या, पीकविम्याच्या, शिष्यवृत्तीच्या याद्या काढणार आहेत. तिथे कोऱ्या रकान्यातलं माणूस फलकापर्यंत येऊन “दाखव बरं” म्हणेलच असं नाही.

मुलीनं दप्तरातून तिकडच्या शाळेचा शिक्क्याचा कागद काढला. दुसऱ्या सत्रात ८१ टक्के. मॉनिटरनं लगेच कीबोर्डवर बोटं ठेवली.

“माझा आकडा घालशील,” ती म्हणाली, “पण खाली बघ की.”

खाली आणखी पाच ओळी तशाच होत्या. पाचही मुलं तांड्यावरची, ऊसतोडीला गेलेल्या घरांतली. मॉनिटरनं सूत्र बदललं. आता सगळ्यांत आधी रकाना कोरा आहे का ते तपासलं जाई आणि असला तर ‘पात्र’ही नाही, ‘बाद’ही नाही, ‘विचारा’ असं उमटे. संध्याकाळी तो सायकल काढून तांड्यावर गेला. तिघांकडे शिक्क्याचे कागद निघाले. एकाचा कागद वाटेत हरवला होता, म्हणून सरांनी त्या शाळेला फोन लावला. पाचवा मुलगा मात्र खरंच शाळेत गेला नव्हता. मागं कोपीवर राहून धाकट्या बहिणीला सांभाळत होता.

त्याच्यापुढे काय लिहायचं, ते सूत्राला ठरवता येईना. मॉनिटर बाईंकडे गेला आणि त्यानं ते कारण जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी अट पुन्हा वाचली आणि त्या मुलाला घ्यायला सांगितलं. नावं जागांपेक्षा जास्त झाली, म्हणून वर्गाच्या दोन तुकड्या केल्या, एक सकाळी सातला, दुसरी नऊला.

“आठवीचीही यादी अशीच काढून दे,” बाई म्हणाल्या. “आज होईल ना?”

“आज नाही होणार, बाई,” मॉनिटर म्हणाला. “आधी तांड्यावर जाऊन येतो.”